फर्मानातले राष्ट्र

हिंदुस्थानच्या फाळणीची योजना ३ जून १९४७ रोजी जाहीर झाली आणि त्यानंतर पुरते दोन आठवडेही लोटले नव्हते तोच हैदराबादेहून सातवा निजाम मीर उस्मान अली खान याचे एक फर्मान निघाले. ब्रिटिशांची सार्वभौम सत्ता या देशावरून उठली की आपण स्वतंत्र आणि सार्वभौम राजाच्या पदवीस पुन्हा पोहोचू, व तसे पोहोचण्याचा अधिकार आपणास कायद्याने प्राप्त होतो, असा त्या फर्मानाचा आशय होता. बेआब्रू न होता राज्य कसे टिकवावे या विवंचनेत त्या वेळी शेकडो संस्थानिक होते. परंतु राष्ट्रास लागणारे सर्व साहित्य अगोदरच जमवून बसलेले संस्थान हेच एक होते. ब्याऐंशी हजार चौरस मैलांहून अधिक मुलूख, १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणे एक कोटी त्रेसष्ट लक्षांच्या घरात गेलेली प्रजा, स्वतःचे नाणे, स्वतःच्या नोटा, टपाल, आगगाडी, बँक, रेडिओ, विमान कंपनी, उर्दू माध्यमाचे विद्यापीठ, पिवळा आसफी झेंडा, फौज, आणि या सर्वांवर तिथीची मोहोर उठविणारा स्वतःचा फसली सन. नकाशाकार आणि टपालतिकिटे जमविणारे यांच्या दृष्टीने पाहिले तर या राष्ट्रात उणे काहीच नव्हते.

तरीही ते राष्ट्र सव्वा वर्षात नाहीसे झाले आणि नाहीसे होण्यास त्याला प्रत्यक्षात पाच दिवस पुरले. या घटनेची कारणे दिल्ली, हैदराबाद व लंडन येथील वाटाघाटींच्या कागदांतून शोधण्याची रीत आहे आणि ती अयोग्यही नव्हे. पण राज्ययंत्र आतून कसे होते हे पाहावयाचे असेल तर राजधानीपेक्षा सरहद्दीवर उभे राहिलेले बरे. धाराशिव जिल्हा ही अशी सरहद्द होती. या जिल्ह्याला राजाचे नाव मिळाले होते, त्या राजाच्या स्वातंत्र्याचा सर्वांत कर्कश पुरस्कर्ता याच जिल्ह्यातल्या एका तालुक्यात वकिली करीत होता, आणि ते स्वातंत्र्य संपविणारी पहिली चकमकही याच जिल्ह्यातील एका नदीच्या पुलावर झडली.

आसफजाही घराण्याचा दख्खनवरील अंमल १७२४ पासूनचा. परंतु धाराशिवच्या मुलखात तो अखंड राहिला नाही. तैनाती फौजेच्या खर्चाची बाकी तुंबली तेव्हा १८५३ च्या तहाने वऱ्हाड आणि रायचूर दोआब यांच्याबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा प्रांतही कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. तेथे नेमला गेलेला अधिकारी म्हणजे ठगांच्या जबानीवर कादंबरी लिहून विलायतेत गाजलेला मेडोज टेलर. नळदुर्गाच्या किल्ल्याच्या आश्रयाने राहून त्याने जमिनीची मोजणी केली, सारा ठरविण्याची पद्धत बसविली आणि रस्त्यांची व तलावांची कामे काढली. सत्तावन्नच्या धामधुमीत निजामाने इंग्रजांची बाजू सोडली नाही याचे पारितोषिक म्हणून १८६० साली हा प्रांत त्याला परत मिळाला. प्रजेला यांपैकी कशातही विचारले गेले नव्हते. देण्याघेण्याच्या हिशेबात एक मुलूख इकडून तिकडे गेला आणि तिकडून इकडे आला.

परत आलेल्या मुलखाला ज्याने खरी घडी दिली तो पुरुष म्हणजे निजामाचा दिवाण पहिला सालारजंग. त्याच्या अगोदर महसुलाचे मक्ते दिले जात, आणि मक्तेदार रयतेला जितके पिळता येईल तितके पिळून दरबारात जितके भरावे लागेल तितकेच भरी. सालारजंगाने मक्ते मोडून १८६५ साली जिलाबंदी केली, म्हणजे राज्याचे सुभे, जिल्हे व तालुके पाडून त्यांवर पगारी अंमलदार नेमले. जिल्ह्याचा मुख्य अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम तालुकदार, तालुक्यावर तहसीलदार, त्याच्या खाली गिर्दावर, आणि सर्वांत शेवटी गावचा माली पाटील, पोलीस पाटील व पटवारी. जिल्ह्यांच्या वर सुभेदार आणि सुभेदारांच्या वर हैदराबादेतले मोतमद (सचिव) व सदरुल्महाम (मंत्री). पुढे नळदुर्गाहून जिल्ह्याचे ठाणे धाराशिवास आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून जिल्हा उस्मानाबाद या नावाने कागदोपत्री ओळखला जाऊ लागला.

ही व्यवस्था दुबळी होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एखाद्या कुळाची अर्जी तहसिलीत दाखल झाली की तिची मिसल तयार होई, तिच्यावर शेरे पडत, नंबर चढे, आणि ती पायरीपायरीने वर चढत जाई. पण जसजशी ती वर जाई तसतशी तिची भाषा अर्जदारापासून दूर जाई. गावचा पटवारी मराठीत लिही, मोडी वाची. तहसिलीत आणि अदालतीत उर्दू, जी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फारसीच्या जागी राज्यभाषा झाली होती. ज्या कुळाच्या जमिनीचा तो वाद असे त्याला आपल्याच मिसलीत काय लिहिले आहे हे कळण्यासाठी अर्जनविसाच्या घोंगडीवर जाऊन बसावे लागे आणि तो सांगेल ते खरे मानावे लागे. राज्याच्या सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड बोलत. सोळाही जिल्ह्यांच्या कचेऱ्या मात्र यांपैकी कोणत्याही भाषेत लिहीत नसत.

शिवाय सर्व मुलखावर हे यंत्र सारखे चालत नव्हते. राज्याच्या भूमीपैकी सुमारे तीन पंचमांश तेवढी खालसा, म्हणजे दिवाणी. सुमारे एक दशांश सर्फ-इ-खास, म्हणजे खुद्द निजामाची खाजगी दौलत, जिचा वसूल राज्याच्या खजिन्यात न जाता हुजुरांच्या तिजोरीत जाई. आणि उरलेल्यात पायगा, जहागिरी, संस्थाने, मक्ते, अग्रहारे. मोठ्या जहागिरीत पोलीस जहागीरदाराचा, अदालत जहागीरदाराची, आणि खालसात रद्द झालेल्या पट्ट्याही अनेकदा तेथे चालू. एका शिवारातून दुसऱ्या शिवारात पाऊल टाकणारा मनुष्य राज्य न बदलता राज्यपद्धती बदलीत असे.

आणि या सर्व उतरंडीच्या तळाशी होते गावकीचे वतन. सरकारी टपाल पुढच्या गावी पोहोचविणे, साहेबाच्या घोड्याला वैरण आणणे, पाटलाच्या चावडीवर रात्रंदिवस हजर राहणे ही महार-मांगांची वेठ सालारजंगाच्या सुधारणांनी हलली नाही, कारण वरच्या पगारी अंमलदाराचे काम खालच्या बिनपगारी माणसावाचून होतच नव्हते. फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांच्या परिषदेसाठी आले तेव्हा हाच विषय उघड्या मैदानात मांडला गेला. राज्याच्या सनदा, तह आणि किताब यांची चर्चा करणाऱ्या कोणाही मुत्सद्द्याने ज्या पायरीकडे पाहिले नाही तिच्याकडे बोट दाखविणारी ती परिषद होती, म्हणून या राज्याच्या राजकीय इतिहासात तिला दरबारातील पुष्कळ समारंभांहून अधिक वजन दिले पाहिजे.

वरच्या टोकाला काय होते? १९१९ साली निजामाने ‘बाब-इ-हुकूमत’ या नावाची कार्यकारी परिषद स्थापन केली आणि सर अली इमाम तिचे पहिले सदर-इ-आजम, म्हणजे पंतप्रधान, झाले. पुढे महाराजा किशनप्रसाद, सर अकबर हैदरी, छत्तारीचे नवाब, सर मिर्झा इस्माईल अशी एकाहून एक कर्तबगार माणसे त्या पदावर बसली. परंतु परिषदेने ठराव करावा, तो अर्जदाश्तीच्या रूपाने हुजुरांकडे जावा, आणि निजामाच्या निवासस्थानातून, म्हणजे किंग कोठीतून, जे फर्मान येईल तो कायदा, ही रीत शेवटपर्यंत कायम राहिली. परिषद विचार करी. निर्णय एकच मनुष्य करी. त्या एका मनुष्याचीही स्थिती चमत्कारिक होती. इंग्रजांशी आपण बरोबरीच्या नात्याने तह केले आहेत, सबब वऱ्हाडाचा प्रश्न दोन समान पक्षांतील वाद समजावा, असा दावा त्याने केला, तेव्हा मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने त्यास स्पष्ट लिहून कळविले की ब्रिटिश सत्ता ही कोणत्याही तहावर अवलंबून नसून तिच्याशी समानतेने बोलण्याचा अधिकार हिंदुस्थानातील कोणत्याही राजास नाही. त्या खलित्याचे शल्य निजामाच्या मनातून कधी गेले नाही, आणि १९४७ च्या फर्मानात एकवीस वर्षांपूर्वीच्या त्या अपमानाची परतफेड होती असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

रयतेच्या वाट्याला या काळात आले ते निशान ५३ चे गश्तीपत्र. त्या हुकमान्वये जाहीर सभा भरविण्यास आगाऊ परवानगी लागू लागली, आणि परवानगी मागणाऱ्याने आपण कोण, विषय कोणता, वक्ते कोण हे सर्व अगोदर कळवावे अशी अपेक्षा असे. खाजगी शाळेस परवानगी, वाचनालयास परवानगी, आखाड्यास परवानगी! याच्या जोडीस १९३७ साली अय्यंगार समिती नेमली जाऊन १९३९ मध्ये सुधारणांची योजना जाहीर झाली; पण तिच्यात मतदारसंघ प्रदेशाचे नव्हते, धंद्यांचे होते, आणि शेकडा पंच्याऐंशींच्या आसपास असलेल्या हिंदूंना व अल्पसंख्य मुसलमानांना निवडून द्यावयाच्या जागा समसमान होत्या. धाराशिवचा शेतकरी धाराशिवचा म्हणून मत देणार नव्हता. शेतकरी म्हणून, वकील म्हणून, जहागीरदार म्हणून देणार होता. १९४६ मध्ये या योजनेची डागडुजी होऊन निवडणूक घेण्यात आली तेव्हा, नुकतीच आठ वर्षांच्या बंदीतून बाहेर आलेल्या स्टेट काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार घातला. विधिमंडळ अस्तित्वात आले. ज्यांच्यासाठी ते आणले ते लोक त्यात आले नाहीत.

या राष्ट्राच्या पश्चिम कडेला मात्र दरबारी भाषेला फारसा वाव नव्हता. तेथे राज्य म्हणजे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुका आणि निजामाचा धाराशिव मुलूख हे एकमेकांत इतके गुंतलेले होते की इंग्रजी हद्दीने वेढलेली निजामी गावे आणि निजामी हद्दीत शिरलेली इंग्रजी गावे कित्येक होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने घातलेली अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून निघून बार्शी, येडशी या वाटेने १९११ साली लातूरपर्यंत पोहोचली होती, व तिच्या डब्यात बसलेला भुसारी प्रवासात जागचा न हलता एका सार्वभौम सत्तेतून दुसरीत जाई. हद्द कोठे लागली हे त्यास कळे ते करोडगिरीचा शिपाई पोते चाचपू लागला म्हणजे, किंवा खिशातील पैशाची किंमत बदलली म्हणजे. इंग्रजी रुपयास लोक कलदार म्हणत आणि निजामी रुपयास हाली. शंभर कलदार म्हणजे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, असा सरकारी दर. बाजारात सहाला सात हे गणित तोंडी चाले. तुळजापूरच्या नवरात्रात सोलापूर-पुण्याकडून आलेला यात्रेकरू महाद्वाराशी परडी, कवड्यांची माळ किंवा हळदकुंकवाची पुडी घ्यावयास थांबला की दुकानदार प्रथम ‘कलदार की हाली?’ असे विचारी. भवानी दोघांची एकच, आणि तिच्या दारात दोन सरकारांची नाणी. निजामाच्या सार्वभौमत्वाचा जो काय प्रत्यय सामान्य माणसाला येत होता तो या बट्ट्यात येत होता.

दुसरी एक गोष्ट याच सरहद्दीवर हळूहळू वाढत होती. लोहाऱ्याजवळील हिप्परगा या आडवळणी गावी १९२१ साली असहकाराच्या लाटेत एक राष्ट्रीय शाळा निघाली. निजामाच्या राज्यात, सरकारी अनुदानाशिवाय, मराठी माध्यमातून, चरख्यासह चालणारी शाळा ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. कामगारपुढारी ना. म. जोशी यांचे सहायक म्हणून काम केलेले व्यंकटेश भगवान खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक १९२९ च्या सुमारास तेथे मुख्याध्यापक म्हणून आले, तेथेच त्यांनी संन्यास घेतला, आणि स्वामी रामानंद तीर्थ या नावाने पुढे ते सबंध संस्थानाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते झाले. त्या शाळेच्या छपराखाली बसलेल्या मुलांना जरीदा, म्हणजे सरकारी राजपत्र, वाचावयास मिळत नव्हता, पण आपण कोणाची तरी प्रजा आहोत आणि प्रजेने प्रश्न विचारावयाचे असतात, हे मात्र कळत होते. उस्मानिया विद्यापीठाच्या दगडी कमानींशी या शाळेची तुलना कोणी करणार नाही. तथापि राज्याच्या हिताच्या दृष्टीने पाहता निजामाने ज्या शाळेला पाठबळ द्यावयास हवे होते ती ही होती, कारण नागरिक तयार होत होता तो येथे.

नेमक्या याच जिल्ह्यातून विरुद्ध टोकाचे राजकारणही उगवले. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्याचा तालुका. तेथे कासिम रझवी वकिली करीत होता. मजलिस-इ-इत्तेहादुल मुसलमीनचा प्रभावी वक्ता बहादूर यार जंग याने असे तत्त्व मांडले होते की हैदराबादचे सार्वभौमत्व राजाच्या व्यक्तीत नसून मुसलमान जमातीत आहे आणि निजाम हा त्या सार्वभौमत्वाचे केवळ प्रतीक होय. हे तत्त्व दिसावयास धार्मिक, पण फलतः राजद्रोही. कारण राजाचा अधिकार जमातीकडे गेला की जमातीच्या नावाने बोलणारा मनुष्य राजाच्या डोक्यावर बसणारच. बहादूर यार जंग १९४४ साली वारला, १९४६ च्या अखेरीस रझवीने संघटनेची सूत्रे घेतली, आणि रझाकारांच्या बिनपगारी फौजेचा तो सरसेनापती झाला. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे, दिल्लीशी करार करण्यास निघालेल्या शिष्टमंडळाची घरे त्याच्या जमावाने वेढली आणि निजामास शिष्टमंडळच बदलावे लागले, तेव्हा राज्य कोण चालवितो याचा निकाल लागला. छत्तारीच्या नवाबांनी पद सोडले. मीर लायक अली हे उद्योगपती सदर-इ-आजम झाले. एका फर्मानाने राष्ट्र निर्माण करू पाहणाऱ्या राजाला आपल्याच शहरातील एक जमाव हटविता आला नाही!

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे’ करार झाला. एक वर्षाचा अवकाश मिळाला, आणि त्याचा उपयोग नव्या सरकारने राष्ट्राची लक्षणे अधिक ठळक करण्याकडे केला. हिंदी चलन संस्थानात अग्राह्य ठरविणारा, मौल्यवान धातूंच्या निर्यातीस बंदी घालणारा, असे हुकूम निघाले. हिंदुस्थान सरकारच्याच रोख्यांतून वीस कोटींचे कर्ज पाकिस्तानास देण्यात आले. सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची विमाने कराचीहून रात्री शस्त्रे आणू लागली. हिंदी चलनाच्या बंदीचा धक्का हैदराबादेतील सराफास बसला असेल तितकाच तो बार्शीच्या पेठेवर विसंबून असलेल्या कळंब-परंड्याच्या शेतकऱ्यास बसला, कारण त्याची ज्वारी, करडई आणि तूर ज्या बाजारात जाई तो बाजार सीमेपलीकडे होता. उलट दिशेने हिंदुस्थान सरकारनेही माल अडविला. कागदावरचे सार्वभौमत्व आणि घरातले मीठ-रॉकेल यांचा संबंध तेव्हा खेड्यातल्या बायकांनाही समजला.

स्टेट काँग्रेसचे पुढारी तुरुंगात होते. ज्यांना बाहेर राहता आले त्यांनी सीमेपलीकडे, सोलापूर जिल्ह्याच्या गावांत कॅम्प उभारले. तेथून रात्री निघून करोडगिरीचे नाके जाळणे, पटवाऱ्यांची दप्तरे हस्तगत करणे, लेव्हीचे धान्य लुटून वाटणे, ठाण्यांवर हल्ले करणे असा उद्योग चाले. पटवाऱ्याचे दप्तर लुटण्यात मोठा अर्थ होता; ज्या राज्याची सर्व शक्ती कागदात आहे त्याचे गावच्या बाजूचे मूळच त्यामुळे तुटत होते. काही सरहद्दीच्या गावांतून निजामी अंमल उठलाच आणि कार्यकर्त्यांनी तेथे आपला कारभार बसविला. दुसरीकडे रझाकारांच्या टोळ्या गावे लुटीत होत्या, आणि हजारो कुटुंबे बैलगाड्या जुंपून बार्शी-सोलापूरकडे निघाली होती. जुलै १९४८ मध्ये सोलापूर-बार्शी रस्त्यावरील नान्नज या निजामी गावाजवळ हिंदी सैन्याच्या तुकडीवर हल्ला झाला आणि सैन्याने ते गाव ताब्यात घेतले. रझाकारांच्या या आंधळ्या आवेशाला विरोध करणारे मुसलमानही होते; त्यांपैकी ‘इमरोज’चा तरुण संपादक शोएबुल्ला खान याचा ऑगस्टमध्ये हैदराबादेत खून करण्यात आला.

त्याच ऑगस्टच्या २१ तारखेस हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार नोंदविली. मोईन नवाज जंग याच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पॅरिसला गेले, आणि १६ सप्टेंबर रोजी समितीने विषय पटलावर घेतला. जगाच्या दरबारात हे राष्ट्र उभे राहिले ते या दिवशी. पण तेव्हा नळदुर्ग पडून तीन दिवस झाले होते.

१३ सप्टेंबर १९४८ ची पहाट; निजामी कालगणनेप्रमाणे फसली १३५७ चा आबान महिना. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर मेजर जनरल ज. ना. चौधुरी यांची मुख्य फौज पुढे सरकली. नळदुर्गाच्या किल्ल्याला वेढून वाहणाऱ्या बोरी नदीवरचा पूल उडविला गेला असता तर पावसाळ्याच्या त्या दिवसांत रणगाड्यांना खोळंबावे लागले असते. पण सातव्या ब्रिगेडने तो अखंड हस्तगत केला. पलीकडे निजामाची पहिली हैदराबाद इन्फन्ट्री होती, तिचा प्रतिकार सकाळीच मोडला. नऊच्या सुमारास जळकोट, आणि दुपार कलताना उमरगा. तुळजापुरास निघालेल्या दुसऱ्या तुकडीला निजामी शिपाई आणि सुमारे दोनशे रझाकार यांनी दोन तास अडविले, एवढेच. लोहाऱ्याच्या बाजूस मात्र माणसांनी नव्हे, नदीच्या पुराने वाट रोखली. अव्वल तालुकदारापासून पटवाऱ्यापर्यंत उभारलेली ऐंशी वर्षांची उतरंड या जिल्ह्यापुरती एका दिवसात निरर्थक झाली, कारण तिच्या कोणत्याही पायरीवर राज्यासाठी उभा राहील असा रयतेतला मनुष्य नव्हता. १७ तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली आणि २२ तारखेस सुरक्षा समितीकडील तक्रारही मागे घेतल्याचे कळविले.

येथे इतिहास थांबविणे सोयीचे असते. परंतु पुढचे आठवडे वगळून हा अध्याय लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. रझाकारांच्या अत्याचाराचा सूड ज्यांच्यावर घेतला गेला त्यांपैकी बहुसंख्य रझाकार नव्हतेच. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या सदिच्छा मंडळाने वर्षअखेरीस दौरा करून पंतप्रधान नेहरू आणि सरदार पटेल यांना जो अहवाल दिला त्यात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत असा अंदाज आहे, आणि सर्वाधिक होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदविले आहेत त्यांत गुलबर्गा, बीदर, नांदेड यांच्यासह उस्मानाबादचे नाव आहे. तो अहवाल दीर्घकाळ प्रसिद्धच झाला नाही. राज्य कोसळताना राज्यकर्ते सुखरूप राहिले. निजाम राजप्रमुख झाला, लायक अली नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेला, आणि रझवीही शिक्षा भोगून १९५७ साली तिकडेच निघून गेला. किंमत दिली ती दोन्ही बाजूंच्या विणकरांनी, शेतकऱ्यांनी आणि विधवांनी.

नव्या व्यवस्थेने आधी मोडली ती जुनी रचना. १९४९ च्या आरंभी सर्फ-इ-खासचा मुलूख दिवाणीत मिळाला, ऑगस्टमध्ये जहागिरी गेल्या, आणि १९५० मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा आला, जो ‘हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम’ या नावाने मराठवाड्याच्या महसुली कचेऱ्यांत पुढेही चालू राहिला. १९५२ च्या आरंभी प्रौढ मतदानाने निवडणूक होऊन एकशे पंचाहत्तर जागांची विधानसभा बनली. बी. रामकृष्णराव यांच्या मंत्रिमंडळात याच जिल्ह्यातील लढ्याचे एक अग्रणी फुलचंद गांधी मंत्री म्हणून बसले. धंद्याच्या यादीत नाव शोधीत बसण्याची गरज आता कोणास राहिली नव्हती. तडवळ्याचा वतनदार आणि जहागिरीचा वारस एकाच पेटीत एकेकच मत टाकून गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य स्वतःच विसर्जित होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला.

कागदाचे आयुष्य मात्र माणसांहून दीर्घ असते. शरणागतीनंतर तीन दिवसांनी लंडनच्या एका बँकेतून सुमारे दहा लक्ष पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्ताच्या नावे वळविले गेले होते. त्या रकमेचा तंटा एकाहत्तर वर्षे चालून, ती सुमारे साडेतीन कोटी पौंडांपर्यंत वाढल्यावर, ऑक्टोबर २०१९ मध्ये तेथील न्यायालयाने भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने निकाल दिला. सुरक्षा समितीच्या विषयपत्रिकेवरही हैदराबादचे नाव पुढे कित्येक वर्षे राहिले. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटियर आधारभूत मानण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ज्या राज्याने आपल्या सर्व रयतेला मताधिकार दिला नाही त्याच राज्याने केलेल्या तिच्या मोजदादीकडे लोक हक्काचा पुरावा म्हणून धाव घेऊ लागले.

सालारजंगाने बसविलेला कारभार पक्का होता म्हणूनच त्याचे कागद अद्याप उपयोगी पडतात. परंतु कारभार आणि राज्य यांत जे अंतर आहे ते बाब-इ-हुकूमतीतील हुशार माणसांना उमगले नाही, किंवा उमगूनही किंग कोठीत जाऊन सांगण्याची छाती झाली नाही. राष्ट्र घोषित करावयास एक फर्मान पुरे होते. ते आपले आहे असे म्हणणारा मनुष्य गावोगाव तयार करण्यास पिढ्या लागतात. आसफजाही घराण्यापाशी तेवढ्यासाठी सव्वादोनशे वर्षे होती, आणि त्या अवधीत त्याने उत्तम दफ्तर तेवढे बांधले.